राजाचं पारणं

६ जुलै १९८७, सोम. मांबळम.
प.ने आजही वाटीत पाणी घातलं नाही. वाटी राजाची. राजा म्हणजे तिचं मांडूळ, हातभर लांब, मातकट, काचेच्या पेटीतल्या वाळूत. तोंड कुठलं नि शेपूट कुठली, मला अजून कळत नाही. खोली पद्माची नि माझी, साप मात्र तिचा एकटीचा, तिच्या झुऑलजीच्या प्रबंधासाठी, असं ठरलं होतं. आता तो कोणाचाच नाही असं दिसतंय.
"पद्मा, वाटी कोरडी आहे."
"अय्यो, अप्परम बघतें गे."
तिच्या इकडच्या मराठीत अप्परम म्हणजे नंतर. बाईंचा सगळा दिवस या एका शब्दावर चालतो. संध्याकाळी केसांत मल्लीचा गजरा माळून टी. नगरच्या बाजारात. लग्न ठरल्यापासून गिंडीच्या कारखान्यातले तिचे राव, नि ती.

९ जुलै
पाण्याची लॉरी आली नाही. माझ्या बादलीतलं तांब्याभर राजाला दिलं. चिमट्याने वाटी ओढली, ओतलं, पळाले. मी सांगलीकडची, नाग पुजणाऱ्या मुलखातली, म्हणून प.ला वाटतं मला सापाचं भय नसणार. मी तर झुरळाला किंचाळते. लांबून बघितलं, तो हळूच आला नि वाटीत तोंड बुडवलं. तेच तोंड. कळलं एकदाचं.

१३ जुलै, सोम.
शेवटचा उंदीर कधी दिला, प.ला आठवत नाही. तमिळ नववर्षाच्या सुमाराला असेल म्हणते, म्हणजे एप्रिल! "साप राहतात गे उपाशी. मी शिकलें आहे ते." शिकलीस ग बाई. राजाच्या पाठीचा कणा वर आलाय, कातडी सैल, जागोजागी चिकटून राहिलेली. मरेल हा. माझ्या डोळ्यांदेखत मरेल, नि ही रिबिनी निवडत बसेल.
मला राग का येतोय इतका? साप माझा नाही.

१७ जुलै, शुक्र.
आडी महिन्याचा पहिला शुक्रवार. इथल्या बायका आज वारुळाला दूध घालतात. खालच्या मामी, आमच्या घरमालकीण, अचानक वर आल्या. त्यांच्या घरात अंड्याचं नावसुद्धा चालत नाही. पेटीवरचं फडकं नेमकं उडालेलं. बिऱ्हाड उठलं म्हटलं आज!
मामींनी देवापुढे मारतात तशी गालांवर बोटं मारून घेतली. खाली गेल्या. चांदीच्या वाटीत दूध, हळद, कुंकू घेऊन परत वर!
प. खूश. "बघ, त्याच्या जेवणाची सोय झाली."

१९ जुलै, रवि.
दुधात मुंग्या. राजा लडबडलेला, चिकट. प. कुठेतरी सिनेमाला. शेवटी मी टॉवेल घेतला, डोळे मिटले, उचलला. बादलीत ठेवून पेटी धुतली, वाळू बदलली. तो गार, मऊ, गरीब. काही केलं नाही त्याने. मला हसू आलं, थोडं रडूही.

२१ जुलै
अर्धी रजा. प.च्या कॉलेजात तिच्या मॅडमना गाठलं.
"दूध? कोणी सांगितलं? पचत नाही ते. लहान उंदीर द्या. वाळूचा एक कोपरा ओलसर ठेवा, कात अडकलेली दिसते." मग म्हणाल्या, "पद्मा तर म्हणते छान चाललंय."
छान!!

२४ जुलै, शुक्र.
मामी पुन्हा दूध घेऊन. माझ्या मोडक्या तमिळमधे, "मामी, पाल वेंडाम." दूध नको.
"मग काय खातो?"
किती दिवस लपवणार? "एली," म्हटलं. उंदीर.
मामी वाटी घेऊन उलट्या पावली खाली. त्यांच्याकडून रोज येणारी संध्याकाळची कॉफी आली नाही.

२९ जुलै
उद्या नागपंचमी. गावी आईने आज भावाचा उपास धरला असेल. आमच्यात नाग म्हणजे भाऊ, त्याच्यासाठी बहिणीने उपाशी राहायचं. इथे भाऊच उपास धरून बसलाय.
ऑफिसच्या रेकॉर्ड रूममधे शिपायाने पिंजरा लावलाय. सगळं सेक्शन हसतंय. हसू देत.

३० जुलै, नागपंचमी
सापडला!
डब्याच्या झाकणाला भोकं पाडून आत उंदीर, नि मी बसमधे उभी. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, डबा बोलतोय." म्हटलं, "उपास सुटायचाय आज, म्हणून."
आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. उंदीर द्यायचा नाही, असं मात्र आई कधी बोलली नाही. गणपतीची वेगळी क्षमा मागितली.
जिन्यात मामी. डब्यात खुडबुड. डबा छातीशी धरला. मामींनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग जिन्यालगतच्या देवघराचं दार ओढून घेतलं नि माझ्याकडे पाठ केली. "जा वर. मी काही बघितलं नाही."
उंदीर सोडला. राजा वाळूत गाडलेला, हालचाल नाही. बसून राहिले. वाटलं, उशीर झाला, संपलं
आणि झटक्यात! वाळू उडाली, वेटोळं पडलं! पलंगावर उभी राहून टाळ्या पिटल्या मी. खालून मामींचा आवाज: "साप्टाच्चा?" जेवला का?
"साप्टाच्चु, मामी!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल.
कॉफी आली. प. घरी नव्हती.

९ ऑगस्ट
सबंध कात, एका तुकड्यात! आतून राजा निघाला तो घासलेल्या घंगाळासारखा. मामींनी कात उजेडात धरून बराच वेळ बघितली. मी शेफारलेय, खोटं कशाला लिहू.

१४ ऑगस्ट, शुक्र.
आज प.चं लक्ष गेलं. "अय्यो, किती सुंदर दिसतो माझा राजा!" कॉलेजात प्रदर्शन आहे म्हणे. तिच्या नावाची पाटी लावून ठेवणार, रावांनाही दाखवणार. परवा, रविवारी, ऑटोने नेणार.
म्हटलं, "ने. आधी सांग, तो खातो काय?"
"दूध की." नि मामी जिन्यात उभ्या होत्या त्यांच्याकडे वळून, "पाल दाने, मामी?" दूधच ना?
मामी पूजेतून उठून आलेल्या, नऊवारी मडिसार नेसून, कपाळाला ताजं कुंकू. अशा कडाडल्या! "पाल इल्लै! एली! एली!"
मी भिंतीला तोंड करून हसले.
तरी म्हणते नेणारच, साप तिचा. मामी म्हणतात, घर माझं, दार मी उघडलं तर ना. मी पेटीत हात घातला. राजा उजव्या मनगटाला घट्ट वेढा घालून बसलाय मघापासून, सोडत नाही. हे डाव्या हाताने लिहितेय.