देवळातला फोन

ती. आई, पायांवर डोकं ठेवतो.

सोमवारी सकाळी तुला फोन केला, तेव्हा तू म्हणालीस, "आवाज घुमतोय रे. देवळात आहेस का? माझाही नमस्कार सांग देवाला." मी हो म्हणालो.

आई, तो संडास होता. खोलीत आम्ही सातजण, टीव्ही सदा चालू. दार लावून बोलायला तेवढीच जागा. नाकाला रुमाल लावून, त्या घाणीत मी तुझा नमस्कार घेतला. किळस अजून जात नाही. त्या दिवशी जपमाळ हातात धरवेना.

तुझा खोकला कसा आहे? मी ठणठणीत आहे.

काल मागे कोण हसतंय, असं विचारलंस. पन्नाशीचा गडी आईशी लाडात बोलतो, म्हणून खोलीतले हसत होते. हसोत बापडे. टीव्ही बंद करून, सगळ्यांच्या मधे बसूनच मी तुला फोन लावला होता.

तुझा थोरला