हिशोब बंद कर, आई

१२ जानेवारी, रविवार

अनीशने जुन्या कॉम्प्युटरमध्ये लिनक्स घातलं. फुकट! माझा हिशोबाचा प्रोग्रॅम विंडोजचा, ह्यांनी नागपुरात शिकवलेला — तो आता 'वाइन' नावाच्या कशात तरी चालतो. म्हटलं, पंचशील घेतलेल्या घरात वाइन? "आई, प्यायची नाही गं ती!" सूनबाई खूप हसली. आश्लेषा हसली की घर भरल्यासारखं वाटतं.

हॉलमधला कॅमेराही त्यातच जोडला. गेल्या हिवाळ्यात मी इथे अमेरिकेत पडले, तेव्हापासूनचा. नव्या कॅमेऱ्याला दरमहा पैसे, म्हणून मीच नको म्हटलं. ह्या जुन्याची ती 'सर्व्हिस', तीही विंडोजचीच, पडद्यावर दिसत नाही, मागे गुपचूप रेकॉर्ड करते. अट एकच — विंडोजचा एखादा प्रोग्रॅम उघडा हवा. "तू हिशोब बंद केलास की काही सेकंदांत तीही बंद पडते." म्हणून दिवसभर हिशोब उघडा ठेवते.

१६ जानेवारी

अनीश ऑफिसातून तापूनच आला. "आई, हिशोब बंद कर." केला. मग त्याने आश्लेषाच्या थोबाडीत मारली. वरणात मीठ कमी — एवढंच!

१७ जानेवारी

सकाळी वंदनेला बसले. पहिलंच शील हिंसा न करण्याचं. ते न म्हणताच उठले.

२३ जानेवारी

"हिशोब बंद कर!" केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा. भिंतीला रक्त. मी "अरे, अरे" म्हणाले, तर मलाच — "तुझं परतीचं तिकीट काढू?" तिला म्हणाला, "जा ना पोलिसांकडे! प्रूफ काय आहे? व्हिसा माझ्यावर आहे तुझा."

रक्त पुसताना आश्लेषा हळूच म्हणाली, "आई, तुम्ही हिशोब बंद करता ना, तेव्हाच मला कळतं."

रात्री जेवले नाही.

३० जानेवारी

"आई, हिशोब."

मी फक्त पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा. त्याने बघितलं, खात्री पटली. कमरेचा पट्टा काढला. ती कोचामागे गेली, तिथून ओढून काढली. बकलाने कपाळ फुटलं. मी लगेच धावले! त्याच्या मनगटाला चावले, माझ्या पोटच्या पोराच्या! त्याने मला ढकललं. उठून पोलिसांचा ९११ लावला. इंग्रजी सुचेना. एवढंच म्हणत राहिले — "माय सन. माय सन."

दोन पोलीस आले. अनीश शांत. "शी फेल." पडली म्हणे. आश्लेषा माझ्याकडे बघत होती. मी पडद्याचं बटण दाबलं. हिशोब उघडाच होता.

त्याला बेड्या घालून नेलं. जाताना म्हणाला, "आई, तू?"

१ फेब्रुवारी

पोलिसांनी ज्याची प्रत नेली ते रेकॉर्डिंग आज आम्ही दोघींनी पाहिलं. मी लगेच धावले नव्हते. दारात उभी आहे, हात जोडून. पट्टा नऊ वेळा पडला, तोवर.

परवाचं खोडत नाही. खोटं मीच लिहिलं.

आश्लेषा शेजारी बसून फटके मोजत होती.