नसण्याचे दोन तास

चाकण

ती. अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून धाकटा मालोजी लिहितो.

गेल्या सोमवारी सकाळी मी गळ्यातली तुळशीची माळ उतरवली. घाबरू नकोस, पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं, ते झालं. आता मऊ भात पोटभर जेवतो. आधी कळवलं असतं तर तू रडत बसली असतीस.

“काका, माळ काढा,” सिस्टर म्हणाली.

“वीस वर्षांत काढली नाही. गुंगीतच गेलो तर?”

“उशाशी ठेवते. माळ पळत नाही, तुम्हीही पळू नका!”

सुई टोचली. विठ्ठलाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, “झालं, काका.” मधे दोन तास गेले होते.

अक्का, तिथे अंधारही नव्हता, कारण तो बघायला मीच नव्हतो. नाव अर्धं राहिलं, तरी विठ्ठलाने श्वास चालू ठेवला. जन्माआधीही आपण असेच नव्हतो ना? तेव्हा कुठे भीती वाटली होती? आपण भितो ते इथे, आपण असतो म्हणून. आठवलं की अजून अंगावर काटा येतो, पण तो भीतीचा नाही.

दाजींचा खोकला कसा आहे? गाय व्याली का?

‘परत उठलेच नाही तर’ म्हणून पोटातली गाठ काढायला तू वर्षभर नको म्हणतेस. मीही त्याच भीतीने माझं ऑपरेशन टाळत होतो, म्हणून तुला आग्रह करायला जीभ रेटत नव्हती. आज टाके दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टरांकडून तुझ्यासाठी पुढच्या गुरुवारची तारीख घेऊन आलो.

तुझी वाट बघणारा,
मालोजी