सलोमा कुरकुरत नाही

ओहायो, ९ फेब्रुवारी

प्रिय वेर्नाताई,

प्रभूच्या नावाने सलाम, वि. वि.

बावीस तारखेच्या उपासनेची पाळी आमच्या घरी आहे, म्हणून गेला आठवडाभर मी भिंती धुतेय. एनोसचं म्हणणं, येणारी दीडशे माणसं भिंती चाटून बघणार नाहीत. पुरुषांना काय, बाकं मांडली की त्यांची तयारी झाली. चाळीस पाव भाजायचेत. माझे पाव तुझ्यासारखे फुगत नाहीत हे तू दर पत्रात सांगतेसच, यावेळी नको सांगूस.

सलोमाला पंधरवडाभर सर्दी होती. शुक्रवारपासून उजवी पापणी सुजून डोळा अर्धा मिटलाय, अंगही गरम आहे. एनोसच्या मावशी पानांचा लेप बांधून गेल्या आणि सूज कालपासून थोडी उतरलीय. डोकं दुखतं म्हणते, पण विचारलं तरच. कपाळात, डोळ्याच्या मागे. अकरा वर्षांची पोर, पण कुरकुर म्हणून नाही. देवाने हिला शहाणपण देऊनच पाठवलंय. काल जेवताना म्हणाली की बाबांना आज दोन दाढ्या आहेत. एनोस म्हणाला, मग एक म्हातारपणासाठी राखून ठेवतो. आम्ही सगळे हसलो, तीही हसली.

मेन्नोभाऊजींना सलाम. लांबून का होईना, तुझी माया अशीच पोचत राहो.

तुझी,
ओर्फा


विस्कॉन्सिन, १३ फेब्रुवारी

प्रिय ओर्फा,

सलाम आणि अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आज आलं. पावांवरून नंतर भांडू.

सलोमाला डॉक्टरकडे ने. हे वाचतेस तिथूनच ऊठ आणि गाडीवाल्याला बोलाव. मला सुजेची नाही, डोकेदुखीची भीती वाटते. मी सुईणबाईंच्या हाताखाली होते तेव्हा इथल्या एका मुलाचं असंच झालं होतं. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाक आणि डोळा यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं. सर्दीतला पू ते ओलांडून डोळ्यामागे जातो, आणि तिथून मेंदू लांब नाही. डोळा सुजलाय, ताप आहे आणि डोकं दुखतंय, एकाचे दोन दिसताहेत, तर लेप लावत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तो मुलगा वाचला, कारण तो गुरासारखा ओरडत होता.

मी रस्त्याकडेच्या, साऱ्या मंडळीच्या सामाईक फोनच्या खोपटात जाऊन आले. रिसीव्हर उचललाही. मागून मेन्नो आले. त्यांचं म्हणणं, मंडळीचा नियम आहे, फोन फक्त मरणासाठी आणि आगीसाठी. पापणी सुजली म्हणून उपासनेच्या तोंडावर तुमचं घर घाबरवलं तर बिशपना काय सांगायचं. आई जवळ असताना मावशीने एवढं कशाला करायचं. मी रिसीव्हर ठेवला. पत्र मंगळवारपर्यंत पोचेलच. तोवर ती बरी होऊन अंडी गोळा करत असेल आणि तू मला हसशील. हस, मला चालेल.

पोरीच्या कपाळावर माझ्या वतीने हात ठेव.

तुझी,
वेर्ना


ओहायो, २१ फेब्रुवारी

प्रिय वेर्नाताई,

सलाम.

तू गुरुवारी गेलीस आणि तुझं तेरा तारखेचं पत्र काल आलं. मध्ये सुट्टी होती आणि बर्फही, असं पोस्टमन म्हणाला.

तू तीन दिवस इथे होतीस. माझ्या शेजारी उभी राहून भांडी विसळलीस. सलोमाला शेवटचा पांढरा झगा घालताना तिची दुसरी बाही तू धरलीस. पत्र वाटेत आहे हे तुला माहीत होतं. रोज टपालाच्या पेटीकडे तूच का जात होतीस, ते मला काल कळलं.

रविवारी सलोमा गेल्यावर एनोसने फोन केला आणि तासाभरात तुम्हाला समजलं. मरणासाठी फोन चालतो.

शनिवारी सकाळी ती उठेचना, म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की डोकं किती दिवस दुखत होतं. मला सांगता आलं नाही. सूज मी रोज बघत होते, डोकेदुखी काही दिसत नाही. काल ते आमच्या आठ वर्षांच्या रोडाने सांगितलं, दोघी एका अंथरुणात निजायच्या. बारा दिवस. सलोमा गोठ्यामागे जाऊन ओकायची आणि वर बर्फ ओढायची. आईला सांगू नको, तिला उपासनेचं काम आहे, असं तिने रोडाला बजावलं होतं.

बिशप म्हणाले, देवाची इच्छा. मीही तोंडाने तेच म्हणते. पण ताई, नऊ तारखेचं ते पत्र मी पाकिटात घालण्याआधी सलोमाला वाचून दाखवलं होतं. ती कुरकुरत नाही, हे वाक्य दोनदा वाचलं. लाजली होती.

तू रिसीव्हर ठेवलास त्याची क्षमा मला करायला सांगतील. ती केली. माझी कुणी करायची ते कळत नाही.

आज रोडाचं बोट दारात सापडलं. नख काळंनिळं झालं. ती रडली नाही, माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, बाई गं, दुखतंय ना, रड. ती म्हणाली, नाही दुखत. मी तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. तरी ती तेच म्हणत राहिली, नाही दुखत, आई, नाही दुखत.

तुझा लोभ मला अजून हवा आहे.

तुझी,
ओर्फा