तिचं खातं वेगळं

अण्णा, तुमची नात कॉलेजात जाणार! तुम्ही तिला पाहिलंही नाहीत, तरी तिच्या फीमध्ये तुमचा हात आहे, म्हणून तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुपारी शिऱ्याचा रवा भाजत होते आणि वेड्यासारखी एकटीच हसत होते. इथं कतारमध्ये, अल रय्यानच्या या फ्लॅटमध्ये एसी घरघरतोय, पण माझ्या डोळ्यांपुढे आपलं नाशिकचं स्वयंपाकघर.

मार्च आला की अर्धी कॉलनी करबचतीचे कागद घेऊन तुमच्याकडे. तुम्ही ओट्याशेजारच्या टेबलावर, आई शिरा ढवळतेय. शेजारचे काका एकटेच आले, की तुम्ही पेनाला टोपण लावून स्वस्थ बसता. "वहिनी कुठायत? नोकरी करतात ना त्या? मग त्यांचं वेगळं." काका कुरकुरतात, "अहो अण्णा, घर एकच ना!" तुम्ही म्हणता, "घर एकच हो, माणसं दोन." वहिनी शाळेतून येईपर्यंत काका ताटकळत. मग सगळ्यांना शिरा.

लग्नानंतर आम्ही अमेरिकेत होतो. तिथं ही पोर झाली आणि ह्यांनी तिच्या कॉलेजसाठी खातं उघडलं. त्यात भरलेल्या पैशांवर तिथलं राज्य करात वजावट द्यायचं, पण एका खात्याला ठरावीक मर्यादेपर्यंतच. ह्यांनी सगळं आपल्याच खात्यात भरलं, आणि वरच्या पैशांवर त्या वर्षी काहीच मिळालं नाही. मी म्हटलं, "मी काय कमवत नाही? माझं वेगळं काढा. दोन खाती, दोन वजावटी!" ह्यांनी कपाळावर हात मारला. "तुझे अण्णा इथंही पोचले की!"

पुढे कतारला आलो. इथं पगारावर टॅक्सच नाही, मग वजावट कसली? ह्यांनी लगेच जाहीर केलं, "खलास! आता एकाच खात्यात भरू, कटकट नको." माझं डोकंच फिरलं. तेव्हापासून दर मार्चला मी ह्यांना टेबलाशी बसवते, दोघं आपापल्या खात्यात भरतो, मग शिरा. मध्ये ह्यांची नोकरी गेली होती. त्या मार्चला मी एकटीनंच भरलं आणि शिरा ह्यांनी केला. नुसत्या गुठळ्या! पण मी दोनदा वाढून घेतला.

यंदा लेकीनं ठरवलं, अमेरिकेला जायचंच नाही, इथं दोह्यातच अमेरिकन विद्यापीठाची शाखा आहे, तिथं शिकायचं. झालं, आम्ही खात्याचे नियम उघडून बसलो. हे पैसे अमेरिकन सरकारच्या यादीतल्या कॉलेजांनाच चालतात, नाहीतर काढताना नफ्यावर कर आणि वर दंड. फी मग कुठून भरायची? पोरीचं मन मोडायचं? आज सकाळी खातेवाल्यांचं उत्तर आलं, कॉलेज यादीत आहे, पैसे चालतील. ह्यांनी "यल्ला, चला!" म्हणून अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या रत्नागिरीच्या भाभी "काय झाला गो?" करत धावत आल्या.

मघाशी तिघंही स्वयंपाकघरात होतो. लेकीला सगळं मराठी कळतं, पण उत्तर कायम इंग्रजीत. कॉलेजच्या लायब्ररीत थोडं काम करणार म्हणतेय. हे लाडात येऊन म्हणाले, "तुझा पगार माझ्याच खात्यात टाक, मी सांभाळतो." तिनं मोबाइलमधून मान वर केली नाही. "नो वे, बाबा. माझं वेगळं."

शेवटचे दोन शब्द स्वच्छ मराठीत, अण्णा! तिला कुणी शिकवलं नव्हतं. हे माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे, आणि कढईत शिरा करपला. तरी तिघांनी खाल्ला.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. वजावटीचं मी ह्यांना पटावं म्हणून पुढे केलं होतं. वजावट नसती तरी मी माझं खातं काढलंच असतं. तुम्ही कधीतरी समोर बसून विचाराल, "तुझं कुठाय?" असं मला अजूनही वाटत असतं.