फुलीचे व्यायाम

तीर्थस्वरूप मामांना,
वाकता येत नसल्यामुळे उभ्याउभ्याच नमस्कार. मामींच्या निरोपावरून कळले की तुम्ही चार दिवस अंथरुणातून उठलेला नाहीत. जन्मात स्वस्थ न बसणारा माणूस एकदाची विश्रांती घेतो आहे, हे ऐकून बरे वाटले.

माझ्या कमरेचे मात्र काही समजेनासे झाले आहे. गोदामात पेटी उचलताना कंबर धरली, हे कळवलेच होते. मुकादम म्हणाले, "दोन आठवड्यांनी सोमवारी पेटी उचललीस तर काम तुझं, नाहीतर दारात दुसरा उभा आहे." तुमच्या शब्दावर मिळालेले काम, ते जाऊ नये म्हणून मी फिजिओथेरपीला (हा शब्द त्यांच्या पाटीवरून उतरवून आणला आहे, चूक असल्यास पाटीची) जाऊ लागलो. तिथल्या बाईंनी विचारले, दुखणे दहापैकी किती? मी म्हणालो, तुम्ही शिकलेल्या, गुण तुम्हीच द्या. त्यांनी दहा चित्रांचा छापील कागद काढला, पाच चित्रांवर फुल्या मारल्या, पाचांवर बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ, न चुकता."

चुकायचा माझा स्वभाव नाही. पाय ताठ ठेवून अंगठे धरणे, निजल्या जागेवरून झटक्यात उठून बसणे, सगळे दहा-दहा वेळा (एकदा आकडा विसरलो म्हणून पहिल्यापासून मोजले, ते सतरा झाले असावेत). आठवडाभरात मोजा घालायला भिंत आणि शेजारी असे दोन आधार लागू लागले. आधी कंबरच दुखायची. आता मांडीही तिला सामील झाली.

काल बाई म्हणाल्या, करून दाखवा. मी अंगठ्यांकडे निघालो तशा त्या ओरडल्या, "अहो, थांबा! त्यावर फुली आहे ना?"

"आहे ना. म्हणून तर करतोय."

"आणि हे बरोबरच्या खुणेचे?"

"ते झालेत ना?"

"कोणी केले?"

मामा, आमच्या गोदामात खडूची फुली म्हणजे ही पेटी उचलायची, आणि बरोबरची खूण म्हणजे ती गेली, हात लावायचा नाही. आता साऱ्या जगाने उलटे ठरवले असेल तर मला कोणी सांगितले होते का? बाई कपाळाला हात लावून खुर्चीत बसल्या (बसताना पाठ मात्र ताठ होती, मी पाहिले).

आता गुडघे दुमडून पाठीवर निजायचे, कंबर हळू उचलायची, रोज थोडे चालायचे. जड पेटी सहा आठवडे नाही. म्हणून विनंती, सोमवारच्या आत तुम्ही स्वतः येऊन मुकादमांशी दोन शब्द बोलावेत.

तुमचा (सध्या ताठ) भाचा

ता. क. १ : तुमचीही कंबर कुरकुरते म्हणून मागच्या आठवड्यात मी त्याच कागदाची सुवाच्य नक्कल पाठवली होती. झालेले व्यायाम उगाच कशाला, म्हणून फक्त फुलीचेच उतरवले होते. सुरू केले नसतील तर करू नयेत.

ता. क. २ : पत्राची घडी घालताना हिशेब लागला. नक्कल पोचून पाच दिवस झाले, आणि मामा झोपून चार. मामी, पत्र तुम्हीच वाचून दाखवत असाल तर वरचा भाग गाळावा. आणि मुकादमांकडे मग तुम्हीच याल का?