सायलीसाठी भरलेले बार

२१ सप्टें., रवि.
नेमबाजी क्लबच्या पीटरकाकांनी आज शेवटी मशीनला हात लावू दिला. क्लबात रिकामी काडतुसं परत भरायची परवानगी आहे, पण खोलीची चावी यांच्याच खिशात. मला सायलीच्या सरावासाठी भरायचीत. पोरगी नेमबाज, बापाला बार भरता येऊ नये?
बाबा गावी ठासणीच्या बंदुकीत तळहातावर दारू घेऊन अंदाजाने बार भरायचे. एवढं बोललो तर काका भडकले. "अंदाज गावाला, मनोहर. इथे काटा. आणि आधी काटा शून्यावर आहे का बघायचं, दर वेळी. बार फुसका गेला, काडतुसातलं बूच बंदुकीच्या नळीत अडकलं, की पुढचा बार नळी फोडतो. हात जाईल पोरीचा."
हो म्हटलं. त्यांचा भाचा रायन सायलीच्याच स्पर्धेत आहे, हे विसरायचं नाही.

२८ सप्टें.
पहिला डबा भरला. काकांनी एकेक बार हातात घेऊन बघितला. माझेच का? रायनचे कोण तपासतं?
सा.ला विचारलं, कसे वाटले माझे बार? "ठीक ना, पप्पा." तोंड दुसरीकडे. हिला कोणीतरी काहीतरी सांगितलंय.

१ ऑक्टो., खंडेनवमी
क्लबात पूजा. नंदा घरून ताट घेऊन आली. बंदुका, मशीन, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडू. बायको मनापासून करते. काका हात जोडून उभे. आरती संपली तशी चावी लगेच खिशात!

५ ऑक्टो.
आज दारू पारड्यात कमी दिसत होती. काटा म्हणतो बरोबर, डोळा म्हणतो कमी. काटा बदलला की काय यांनी? विचारणार होतो. पण अंदाज गावाला ना? बरं. काट्याप्रमाणे पूर्ण डबा भरून सा.ला दिला.

११ ऑक्टो., शनि.
त्या दिवशीचा माझ्याकडे उरलेला एक बार मीच उडवून बघितला. आवाज मेलेला. बंदूक उघडली, नळी मोकळी होती. नशीब!
डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "रायन जिंकावा म्हणून माझ्या पोरीचा हात घेताय?"
काकांनी काट्याचं पारडं उचलून उलटं केलं. खाली कुंकवात अक्षता चिकटलेल्या. नंदाने काट्याचीही पूजा केली होती; अक्षतांचं वजन दारूत मोजलं गेलं, दारू तेवढी कमी पडली.
"शून्य बघितला होतास?"
वाट लागली. सायली डबा घेऊन सकाळीच बाहेरगावच्या रेंजवर सरावाला गेलेली, फोन उचलेना. क्लबच्या गेटवर उभा राहिलो.
चारला आली. आधी तिचे हात बघितले. "किती उडवलेस?"
तिने बॅगेतून डबा काढला. एकही कमी नव्हता. "पप्पा, तुमचे मी कधीच वापरले नाहीत. पहिल्यापासून काकांनी भरलेलेच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."
देवा, वाचली. आणि वाईट वाटलंच, भयंकर.

१२ ऑक्टो.
काकांचा मेसेज: 'ये. तुझे बार उघडून परत भरू.' अजून उत्तर दिलं नाही. माफी मागायला जीभ वळत नाही. आणि बोलावतायत ते शिकवायला, की चारचौघांत नाक कापायला?
सा. म्हणते, जा. विचारलं, परत भरले तर माझा एक तरी उडवशील?
"बघू," म्हणाली. 'ठीक ना' नाही म्हणाली.